शब्दांच्या गमतीजमती: गोव्यातील मराठी वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निरनिराळ्या भाषांतील चमत्कारिक आणि गमतीदार शब्दांविषयी गोव्यातील मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांपैकी काहींची उत्तरे येथे दिली आहेत. या विषयासाठी गोंयकाराला फार लांब जावे लागत नाही. सकाळी मराठी वर्तमानपत्र, बाजारात कोकणी, कचेरीत इंग्रजी आणि आजोबांच्या वेळच्या दस्तऐवजांत पोर्तुगीज, अशी त्याची रोजची ये-जा असते. म्हणून सुरुवात घराजवळून केली आहे.

एखादा शब्द विचित्र आहे हे ठरवायचे कसे?

ते ऐकणारा ठरवतो, बोलणारा नव्हे. आपण दिवसभर ‘पाहिजे’ म्हणतो आणि त्यात काही वेगळे आहे असे आपल्याला वाटत नाही. परंतु ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या क्रियापदाचे जुने कर्मणी रूप आहे, म्हणजे ‘मला चहा पाहिजे’ म्हणणारा माणूस मुळात चहा पाहिला जाण्याविषयी बोलत असतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे समजले की तो हसतो, आणि त्याचे हसणे रास्त आहे.

महाराष्ट्रातून नवा आलेला माणूस गोव्यात कोकणी शब्दांनी हमखास फसतो, ते का?

दोन्ही भाषांतील शेकडो शब्द सारखे असल्यामुळे उरलेलेही सारखेच असतील असे तो गृहीत धरतो. बसथांब्यावर कोणी ‘पळे, बस आयली’ म्हणाले की तो पळत सुटतो. वास्तविक कोकणीत ‘पळे’ म्हणजे ‘बघ’. गंमत अशी की धावल्यामुळे त्याला बस मिळते आणि गैरसमज तसाच पक्का होतो.

खाणावळीत याहून अधिक घोटाळे होतात. ‘आज नुस्तें ना’ हे वाक्य ऐकून आज काहीतरी जास्तीचे मिळणार आहे, नुसते जेवण नाही, असा अर्थ तो लावतो. पण ‘नुस्तें’ म्हणजे मासळी, तेव्हा त्या दिवशी त्याचे ताट नेमके नुसतेच राहणार असते. ‘शीत’ मागितले की थंड काही येईल अशी त्याची अपेक्षा असते आणि समोर वाफाळता भात येतो. येथे मात्र दोष कोकणीकडे जात नाही, कारण ‘असतील शिते तर जमतील भुते’ आणि ‘शितावरून भाताची परीक्षा’ या म्हणींत आपणही तोच शब्द वापरतो; आपण शीत दाण्यापुरते राखले, कोकणीने ते सबंध भातासाठी वापरले, इतकाच फरक. ‘उदक’ शब्दाचे नेमके उलटे झाले. कोकणीत ते साधे पिण्याचे पाणी आहे, तर मराठीत उदक केवळ पूजाविधीत किंवा एखाद्या गोष्टीवर ‘उदक सोडण्या’पुरते उरले आहे. त्यामुळे ‘माका उदक जाय’ हे तहानलेल्या माणसाचे वाक्य मराठी कानाला ‘उदक जाते आहे’ असे गंभीर वाटते. ‘जाय’ म्हणजे ‘हवे’ हे कळेपर्यंत तहानलेला तसाच ताटकळतो.

या गोष्टी सांगताना काही जण कोकणीला मराठीची बिघडलेली बोली ठरवून मोकळे होतात, ते चुकीचे आहे. कोकणी ही १९८७ पासून गोव्याची राजभाषा आहे, त्याच कायद्याने मराठीच्या शासकीय वापरालाही वाट ठेवली आहे, आणि १९९२ साली कोकणीचा समावेश घटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला. शेजारच्या भाषेतील शब्द आपल्याला फसवतो तेव्हा तो तिकडे आपल्या जागी सरळच उभा असतो.

मराठीत पोर्तुगीज शब्द किती खोलवर गेले आहेत?

गोव्याबाहेरच्या मराठी माणसालाही आश्चर्य वाटावे इतके. घमेले, पिंप, परात, बिजागरी, चावी, लिलाव, काडतूस, मेस्त्री, पाद्री, कोबी, पपई, बटाटा, पगार या शब्दांवाचून पुण्यातला किंवा सोलापुरातला माणूससुद्धा दिवस काढू शकत नाही. ‘पगार’ हे पोर्तुगीजमध्ये क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ ‘पैसे देणे’ असा आहे. देणाऱ्याची क्रिया घेणाऱ्याच्या खिशात येऊन नाम झाली.

यांतील सर्वांत मजेदार शब्द माझ्या मते ‘तुरुंग’. पोर्तुगीज ‘त्रोंकू’ म्हणजे झाडाचे खोड. कैद्याचे पाय अडकवण्यासाठी जे भोके पाडलेले जाड लाकूड वापरीत त्यालाही तोच शब्द लागू झाला आणि पुढे ते लाकूड ज्या कोठडीत असे ती कोठडी ‘तुरुंग’ ठरली. आता आपल्या मराठीकडे पाहावे: झाडाचे ‘खोड’ आणि कैद्याच्या पायातला ‘खोडा’. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, त्याच लाकडावरून त्याच शिक्षेपर्यंत पोहोचल्या.

आंब्यांचीही अशीच कथा आहे. ‘हापूस’ हे ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावाचे मराठी रूप, आणि १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द आल्बुकेर्क याच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. गोव्यात मात्र हापूसपेक्षा मानकुरादाचा मान मोठा, आणि या नावाचे मूळ ‘वाईट रंगाचा’ अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दांत सांगितले जाते. ज्याने हे नाव ठेवले त्याने आंबा बहुधा कापण्यापूर्वीच मत बनवले असावे.

या सर्व शब्दांचा पद्धतशीर मागोवा घेणारा विद्वान गोव्याचाच होता. आसगाव येथे १८५५ मध्ये जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरचा आपला ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यात मराठी व कोकणीपासून थेट जपानीपर्यंतच्या भाषा घेतल्या. शंभर वर्षे उलटून गेली तरी या विषयावर लिहिणाऱ्याला त्यांच्या दारावरून जावेच लागते.

पाव पायांनी मळतात म्हणून त्याला ‘पाव’ म्हणतात, हे खरे आहे का?

नाही. ‘पांव’ हा भाकरी-पावासाठीचा सरळ पोर्तुगीज शब्द आहे. पायांची कथा नंतर कोणीतरी रचली, आणि नावावरून रचलेल्या बहुतेक कथांप्रमाणे ती टिकली. सकाळी सायकलचा भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, नावही तिकडचेच आहे.

मग विंदालूमध्ये आलू असतो का?

गोव्यात असे विचारणे धाडसाचे आहे. ‘विन्या द आल्युश’ या पोर्तुगीज नावातील ‘आल्यु’ म्हणजे लसूण आणि ‘विन्यु’ म्हणजे मद्य. त्या मद्याची जागा इथे शिरक्याने घेतली. गोव्याबाहेरच्या उपाहारगृहांत नावाच्या शेवटी ‘आलू’ ऐकू आल्यामुळे बटाटे पडू लागले. केवळ ऐकण्यातल्या चुकीने पाककृती बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

नाताळच्या मेजवानीत ‘पेरू’ कापतात असे ऐकले. ते फळ आहे की आणखी काही?

तो पक्षी आहे. ज्याला आपण इंग्रजीवरून टर्की म्हणतो, त्याला पोर्तुगीजमध्ये ‘पेरू’ म्हणतात. आपल्या मराठी पेरूला पोर्तुगीज माणूस ‘गोइआबा’ म्हणतो आणि कोकणी माणूस ‘पेर’. फळ आणि पक्षी दोन्ही मूळ अमेरिका खंडातील.

या पक्ष्याच्या नावांइतकी भौगोलिक गोंधळाची कथा दुसऱ्या कोणत्याही प्राण्याच्या वाट्याला आली नसेल. तो माणसाळवला गेला मेक्सिकोत. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, कारण तुर्की व्यापाऱ्यांमार्फत येणाऱ्या एका वेगळ्याच कोंबडीशी त्यांनी त्याची गल्लत केली. तुर्कांनी ही जबाबदारी नाकारली आणि त्याला ‘हिंदी’ म्हटले. फ्रेंचांचे नाव ‘हिंदुस्थानचा’ अशा अर्थाच्या शब्दांवरून आले. डच लोकांनी तर गावही नेमके सांगितले: त्यांचा ‘काल्कून’ हा शब्द कालिकतवरून आला आहे. इजिप्तमध्ये तो ‘रूमी कोंबडा’ आहे, मलाय भाषेत ‘डच कोंबडी’, आणि पोर्तुगीजांनी त्याला पेरू देशाचा केला, जिथून तो आलेला नाही. प्रत्येकाने तो दुसऱ्याच्या अंगणातला ठरवला. ज्या हिंदुस्थानावर इतक्यांनी बोट ठेवले, तिथे त्याला स्वतःचे नावच नाही. आपण इंग्रजांकडून तुर्कस्तानचे नाव उसने घेतले.

जपानी ‘अरिगातो’ हा शब्द पोर्तुगीज ‘ओब्रिगादु’वरून आला का?

हा प्रश्न गोव्यात फार आवडीने विचारला जातो, आणि उत्तर ऐकून विचारणारा जरा हिरमुसतो. दोन्ही शब्द आभार मानण्यासाठी आहेत, कानाला सारखे लागतात, आणि पोर्तुगीज जपानला पोहोचले हेही खरे. पण ते पोहोचले १५४३ मध्ये, आणि अरिगातोचे मूळ असलेला ‘अरिगाताशी’ हा शब्द जपानीत त्याच्या कितीतरी शतके आधीपासून आहे. ‘असणे’ आणि ‘कठीण’ यांपासून तो बनला असून त्याचा मूळ अर्थ जवळजवळ आपल्या ‘दुर्लभ’सारखा आहे. ओब्रिगादु म्हणजे ‘बांधला गेलेला’, अर्थात ऋणी; म्हणूनच बाई हा शब्द ‘ओब्रिगादा’ असा उच्चारते. पोर्तुगीजांनी जपान्यांना खरोखर दिलेला शब्द हवा असेल तर तो ‘पान’, म्हणजे पाव. आपला पाव आणि त्यांचा पान एकाच भट्टीतले.

एकच कुत्रा निरनिराळ्या भाषांत निरनिराळा का भुंकतो?

मराठीत तो ‘भो भो’ करतो, जपानीत ‘वान वान’, तुर्कीत ‘हाव हाव’, पोर्तुगीजमध्ये ‘आउ आउ’ आणि कोरियनमध्ये ‘मंग मंग’. कुत्रा तोच असला तरी प्रत्येक भाषेला आपल्याजवळ असलेल्या अक्षरांतूनच तो आवाज उभा करावा लागतो. कोंबड्याच्या बाबतीत मात्र मतभेद कमी आहेत: कुकूच कू, कोकोरिको, किकेरिकी, कोकेकोक्को, या साऱ्यांत ‘क’ ठाम आहे.

यापुढचा भाग अधिक मोलाचा आहे. ज्या गोष्टींना आवाजच नाही त्यांनाही काही भाषा नादमय शब्द देतात, आणि त्या बाबतीत मराठी आणि जपानी यांची जोडी जमते. जपानी चित्रकथांत संपूर्ण शांतता दाखवायची असली की ‘शीऽऽन’ असे लिहितात. आपण ‘शुकशुकाट’ म्हणतो. दिवा मिणमिणतो, दागिना लखलखतो, फरशी गुळगुळीत आणि शेवाळ बुळबुळीत असते, उकडीच्या मोदकांचा घमघमाट सुटतो. यांतल्या एकाही गोष्टीला कानाने ऐकता येत नाही. दुखण्याचेही तसेच. जपानी रुग्ण डॉक्टरला ‘झुकिझुकि’ सांगतो तेव्हा गळू ठसठसते आहे असे समजावे, ‘हिरिहिरि’ म्हटले तर त्वचा चुरचुरते आहे, आणि ‘चिकुचिकु’ म्हटले तर टोचते आहे. अशा रुग्णाला म्हापशाच्या दवाखान्यात आणून बसवले तर मराठी डॉक्टर दुभाष्याशिवाय निम्मे निदान करील, असे मला वाटते.

मराठी आकडे इतके अवघड का आहेत? इतर भाषांतही असेच असते का?

असते, आणि डेन्मार्कमध्ये तर आपल्याला घरच्यासारखे वाटेल. मराठीतील ‘अडीच’ हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’ यावरून आला. पहिला पूर्ण, दुसरा पूर्ण आणि तिसरा अर्धा, म्हणजे अडीच. ‘दीड’ शब्दातही हाच हिशेब आहे, तो ‘द्व्यर्ध’, दुसरा अर्धा. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांपुढे ‘औटकी’ घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन, ‘अर्धचतुर्थ’, चौथा अर्धा. संतांच्या वाङ्मयात मनुष्यदेहाला ‘औट हात’ म्हणतात तो हाच औट.

आता डेन्मार्क. डॅनिश भाषेत पन्नासला ‘हालट्रेस’ म्हणतात. तो एका लांबलचक जुन्या शब्दाचा संक्षेप असून त्याचा अर्थ ‘तिसरा अर्धा, गुणिले वीस’ असा आहे, म्हणजे अडीच विसा पन्नास. सत्तरला ते ‘हालफ्येर्स’ म्हणतात: चौथा अर्धा गुणिले वीस, म्हणजेच औट विसा सत्तर. आपल्या आजोबांची औटकी कोपनहेगनच्या भाजीबाजारात आजही रोज चालते, फक्त तिथल्या बहुतेक ग्राहकांना त्यातला हिशेब आता उमगत नाही, जसा आपल्याला औट उमगत नाही.

‘एकोणीस’ म्हणजे ‘वीसला एक कमी’ ही रीतही एकट्या आपली नव्हे. लॅटिनमध्ये एकोणीससाठी ‘उन्देविगिन्ती’, म्हणजे ‘विसातून एक’, असाच शब्द होता. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने एकवीससाठी ‘वीस एक’ अशा वाचनाचा पर्याय दिला तेव्हा मोठा वाद झाला. मुलांची सोय व्हावी हा त्यामागील हेतू समजण्यासारखा होता, पण ‘एकोणऐंशी’ म्हणताना आठाच्या घरातून एक पाऊल मागे येण्याची जी गंमत आहे ती गमवावी असे मला वाटत नाही.

‘अमका-फलाणा’मधील फलाणा कोण?

तो अरबस्तानातून निघालेला प्रवासी आहे. अरबी ‘फुलान’ म्हणजे नाव न सांगितलेला कोणी एक. तो फारसीतून मराठीत येऊन ‘फलाणा’ झाला, तुर्कीत ‘फलान’ झाला, आणि अरबांच्या राजवटीबरोबर पश्चिमेकडे जाऊन पोर्तुगीजमध्ये ‘फुलानु’ झाला. तिकडे त्याचे दोन सोबतीही आहेत: ‘फुलानु, बेल्त्रानु, सिक्रानु’, म्हणजे आपले अमका, तमका, ढमका. पोर्तुगीज जहाजे मांडवीत शिरली तेव्हा दोन फलाणे, एक पूर्वेच्या वाटेने आलेला आणि एक पश्चिमेच्या, इतक्या वर्षांनी पुन्हा एका गावात आले.

तुर्कीचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो. आपण ‘पुस्तक-बिस्तक’ म्हणतो, तुर्क ‘कितप-मितप’ म्हणतो. अर्थ तोच, पुस्तक आणि त्यासारखे इतर. पण शब्दच ‘म’ने सुरू होत असेल तर तुर्काची अडचण होते, आणि तेव्हा तो शब्दापुढे चक्क ‘फलान’ लावतो. आपली तीच अडचण ‘बिस्कीट’ शब्दापाशी होते. त्यावर ‘बिस्कीट-फिस्कीट’ असा तोडगा लोकांनी आपापला काढलेला आहे.

जगातील सर्वांत लांब शब्द कोणता?

मोजण्याची पद्धत ठरल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. जर्मनीच्या एका राज्यात १९९९ साली गोमांसाच्या लेबलांवरील देखरेखीचे काम दुसऱ्याकडे सोपवण्याचा कायदा झाला, आणि त्याचे नाव ‘रिंडफ्लाइशएटिकेटीरुंग्सयूबरवाखुंग्सआउफगाबेनयूबरट्रागुंग्सगेजेट्स’ असे त्रेसष्ट अक्षरांचे होते. २०१३ मध्ये कायदा रद्द झाला आणि शब्दाची नोकरी गेली. संस्कृतपुढे मात्र हे काहीच नाही: विजयनगरच्या तिरुमलांबा या कवयित्रीच्या सोळाव्या शतकातील ‘वरदांबिका परिणय चंपू’ या काव्यात १९५ अक्षरांचा एकच समास आहे.

जर्मन समास लहान असले तरी हसवतात. हातमोज्याला ते ‘हाताचा जोडा’ म्हणतात आणि कासवाला ‘ढालवाला बेडूक’. पहिल्यावर हसण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण आपणही हातात मोजेच घालतो.

भाषांतर होऊच शकत नाही असे शब्द खरेच असतात का?

एका शब्दास एक शब्द मिळत नाही, इतकेच त्यातले खरे. पोर्तुगीज ‘सौदाद’ हा शब्द अशा याद्यांत नेहमी पहिला असतो. दुरावलेल्या माणसाची किंवा काळाची ती ओढ आहे, आणि ‘हुरहूर’ तिच्या बरीच जवळ जाते. जपानी ‘त्सुंदोकु’, म्हणजे पुस्तके विकत आणून न वाचता रचून ठेवणे, याला मराठी शब्द नाही; सवय मात्र आहे. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकावरील तिएरा देल फुएगो येथील याघान भाषेतील ‘मामिह्लापिनातापाइ’ हा शब्दही प्रसिद्ध आहे: दोघांनाही काही घडावे असे वाटते, पण सुरुवात कोणी करायची म्हणून दोघे एकमेकांकडे पाहत राहतात. ती भाषा जन्मतः बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती क्रिस्तिना काल्देरोन २०२२ मध्ये निवर्तल्या.

आपण दुसऱ्यांच्या शब्दांचे कौतुक करताना ‘उष्टे’ आणि ‘खरकटे’ विसरतो. तोंड लागलेले ते उष्टे, अन्नाचे कण चिकटलेले ते खरकटे. एकच ताट दोन्ही असू शकते, परंतु पंगतीत वाढायला घेतलेल्या पळीला उष्टा हात लागला तर ती उष्टी होते आणि भात वाढून झालेली पळी केवळ खरकटी राहते. हा भेद इंग्रजीत समजावून सांगायला परिच्छेद लागतो.

अशा याद्यांतील कोणत्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये?

‘एस्किमोंकडे बर्फासाठी शेकडो शब्द आहेत’ यावर तर मुळीच नाही. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११ मध्ये बर्फासाठीची चार वेगवेगळी मुळे उदाहरणादाखल दिली होती. पुढे सांगणाऱ्यांनी आकडा वाढवत नेला. त्या भाषांत एका मुळाला कितीही प्रत्यय जोडता येत असल्याने शब्द मोजणेच निरर्थक ठरते. मराठी शब्दाच्या बाबतीत शंका आली तर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश पाहावा, आणि दोघांचे पटत नसेल तर निर्णय लांबणीवर टाकावा. पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय यासाठी सोयीचे आहे. त्याची स्थापना १८३२ ची.

मराठीने किंवा भारताने उलट दिशेने काही शब्द दिले का?

इंग्रजीतील ‘मंगूस’ हा आपला मुंगूसच, हे इंग्रजी कोशही मान्य करतात. संस्कृत ‘मंत्री’ मलायात ‘मेंतेरी’ झाला, पोर्तुगीजांनी त्याचा ‘मांदारीं’ करून चिनी अधिकाऱ्यांना लावला, आणि मग चीनची भाषा व एक जातीचे संत्रे दोन्ही इंग्रजीत मँडरिन ठरले. अरबी ‘मौसिम’ हा शब्द पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत जाऊन ‘मान्सून’ म्हणून मराठी वर्तमानपत्रांत परतला, तेव्हा त्याचा भाऊ ‘मोसम’ फारसीच्या वाटेने येऊन इथे आधीच स्थायिक झाला होता. जूनमध्ये ‘मान्सूनचा मोसम’ असे लिहिणारा बातमीदार एकच शब्द दोनदा लिहितो.

गोव्यातील तालुक्यांची नावे आकड्यांवरून पडली आहेत का?

सगळी नाहीत, पण तीन जुन्या तालुक्यांबाबत परंपरा तसे सांगते: तीस वाड्यांची तिसवाडी, बारा देशांचा बारदेश आणि सहासष्ट गावांची साष्टी. मुंबईच्या साष्टी बेटाचे नावही याच सहासष्ट आकड्यावरून आल्याचे सांगतात, आणि पोर्तुगीजांनी दोन्हींना जवळजवळ एकच नाव दिल्यामुळे जुने कागद वाचताना ती साष्टी मडगावची की ठाण्याची हे आधी पाहून घ्यावे लागते.